वाकड्यांच्या फळीवरून

मी एक जुनी काच आहे. मित्रांनो, एवढे एकच वाक्य मी खात्रीने सांगू शकते. त्यापुढची गोष्ट मला सलग सांगता येणार नाही, कारण मी सलग जगलेच नाही. माणसाचे बरे असते, जन्मापासून मरेपर्यंत त्याला एकच नाक पुरते. मी मात्र फुटले, वितळले, पुन्हा झाले. म्हणून दर वेळी मला माझी ओळख नव्याने करून द्यावी लागेल. कंटाळू नका.

*

मी एक जुनी बरणी आहे.

म्हणजे होते. सदाशिव पेठेत श्रीनिवासराव नावाच्या गृहस्थांचे किराणा दुकान होते. त्या दुकानाच्या फळीवर मी लिमलेटच्या गोळ्या पोटात घेऊन उभी असे. माझ्या डोक्यावर एक पाटी होती : 'बरणीवर बोटे टेकवू नयेत. गोळ्या लांबूनही गोडच दिसतात.' तरी मुले बोटे टेकवतच. मला ती बोटे आवडत. गोळ्यांमुळे चिकट झालेली, शाळेतून परतताना मळलेली बोटे.

रोज सकाळी श्रीनिवासराव मला जवळ घेत, तोंडाने 'हा' करून माझ्यावर वाफ सोडत आणि पंच्याने पुसत. त्या क्षणभराच्या वाफेत मला काहीच दिसत नसे. मग सगळे लख्ख होई, आणि गिऱ्हाईक म्हणे, "काय स्वच्छ बरणी हो तुमची!" ते म्हणत, "बरणी स्वच्छच आहे, तुम्ही मागची उधारी आठवा."

पुढे प्लास्टिकच्या बरण्या आल्या. त्या पडल्या तरी फुटत नसत. माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे कोणी वाफ दिली नाही की पुसले नाही. श्रीनिवासरावांच्या मागे दुकान रिकामे करताना मी जिन्यावरून घसरले. "बरं झालं, नाहीतरी टाकायचीच होती," असे कोणीतरी म्हणाले.

बरणीची गोष्ट एवढीच.

*

मी एक पोतेभर भंगार आहे.

मित्रांनो, फुटलेली काच मरत नाही. तुटक्या बरण्या, बाटल्या, दिव्यांच्या हंड्या यांच्याबरोबर मी येरवड्याला आले. तुरुंगाच्या लांबच लांब भिंतीपासून दोन गल्ल्या आत, पत्र्याच्या छपराखाली काचेचा एक छोटा कारखाना होता. मध्यभागी भट्टी, भट्टीत मातीची मोठी मूस, आणि मुशीत मधासारखी दाट, लाल काच. ही भट्टी कधी विझवत नाहीत. विझली तर मुशीतली काच गोठते आणि मूस तडकते. म्हणून सणवार असो, आजारपण असो, कोणीतरी तिच्यापाशी असावेच लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

भट्टीपाशी दोघे जण असत. उत्तरेश्वर आणि सुदर्शन. दोघे लातूरकडचे, तरुणपणी एकाच एसटीने पुण्यात आलेले. नाते नव्हते, पण सुदर्शन उत्तरेश्वरला दादा म्हणे आणि त्याच्या बायकोला, द्वारकाला, वहिनी. एकाने फुंकणी मुशीत बुडवून काचेचा गोळा उचलायचा आणि फुंकायचा. दुसऱ्याने ओल्या लाकडाने आणि चिमट्याने त्याला आकार द्यायचा. फुंकणी म्हणजे माणसाच्या उंचीची लोखंडी नळी. फुंकायचे काम उत्तरेश्वरचे. त्याच्या श्वासाने झालेला पेला टेबलावर ठेवला की हलत नसे, इतका सरळ.

कारखान्याच्या मागच्या भिंतीला एक फळी होती. तिला सगळे 'वाकड्यांची फळी' म्हणत. बिघडलेली वस्तू बाहेर जायची नाही, ती या फळीवर बसायची. आणि तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. ज्याने केली, त्यानेच सवडीने ती फोडायची आणि पुन्हा मुशीत टाकायची. आपले वाकडे आपण मोडावे, असा तिथला नेम होता.

या नेमाचा आणखी एक अर्धा भाग होता. तो मला तेव्हा माहीत नव्हता. तनयालाही माहीत नव्हता.

*

तनया कोण, ते सांगते.

ती सदाशिव पेठेतलीच. चित्रकलेचे शिक्षण घेतलेली, काचेची शिल्पे करणारी. परदेशातल्या शाळेत ती काच फुंकायला शिकून आली होती, पण तिच्या मनातले मोठे आकार तिच्या एकटीच्या छातीत मावत नव्हते. म्हणून स्कूटर काढून ती येरवड्याला आली. तिला साचा नको होता. एका श्वासात जेवढी फुगेल तेवढी काच फुगवायची, आणि श्वास जिथे संपेल तिथे थांबायचे. जो आकार होईल तो खरा.

"म्हंजे बिघडलेला माल मुद्दाम करायचा?" उत्तरेश्वरने विचारले.

"बिघडलेला नाही हो काका. त्या माणसाचा."

"आन् ह्याचं काय करायचं? लोणचं घालायचं का दिवा लावायचा?"

"नुसतं बघायचं."

उत्तरेश्वर सुदर्शनकडे वळला. "बग रे. आपण जल्मभर लोकांना पानी प्यायला पेले दिले. ताई आता लोकांना नुसतं बघायला लावनार."

तरी तो तयार झाला. फुंकायला मात्र सुदर्शनला बसवले. त्याचे कारण तनयाला काही दिवसांनी द्वारकाने सांगितले. द्वारका रोज दुपारी डबा घेऊन येई. ती म्हणाली, "ह्यांना डॉक्टरनं फुंकायला बंदी केलीय. छातीत काय ऱ्हायलं न्हाई म्हनला. पर घरात बसत न्हाईत. घरी बसून माझ्या भाकरीत खोड्या काढत्यात, म्हनून मीच हाकलते इकडं."

काम सुरू झाले. सुदर्शन फुंकायचा, उत्तरेश्वर आकार धरायचा, तनया वाफाळणारे ओले लाकूड घेऊन मध्ये मध्ये लुडबुडायची. ती भाजलेली बोटे तोंडात घालायची, आणि उत्तरेश्वर म्हणायचा, "आता ताईंची काच शिजली." एकदा ढगासारखा एक आकार झाला.

"हा भोपळा हाय का ताई?" सुदर्शनने विचारले.

"तुम्हाला काय वाटतं?"

"भोपळा असता तर भाजी तरी झाली असती."

तनया इतकी हसली की फुंकणीवरचा गोळा ओघळला. मित्रांनो, मुशीत तापत पडलेली मी ते सगळे ऐकत होते. मला वाटत होते, कधी एकदा आपला नंबर लागतो.

*

मी एक शिल्प आहे.

(हे वाक्य मला फार दिवस म्हणता आले नाही. म्हणून पुन्हा म्हणते.)

मी एक शिल्प आहे. त्या दुपारी सुदर्शन जेवत होता. उत्तरेश्वर उठला, त्याने फुंकणी मुशीत बुडवली आणि मला उचलले. किती वर्षांनी मला कोणी एवढ्या सहज उचलले होते! त्याने मला पोलादी पट्टीवर फिरवले, आणि फुंकणी ओठांना लावली.

"काका, नको. डॉक्टरांनी सांगितलंय ना?" तनया धावत आली.

"डॉक्टर काच फुंकत न्हाईत ताई. सरा बाजूला."

त्याचा श्वास माझ्यात आला. मी फुगले. गोल, सरळ, एकसारखी. तो खरेच थोर कारागीर होता. आणि मग, मी निम्मी झाले असताना, त्याचा श्वास

तुटला. त्याला खोकला आला. फुंकणी हातात थरथरली. मी एका बाजूला खचले. दुसरी बाजू पातळ होऊन ताणली गेली आणि मधोमध माझ्यावर एक खोल सुरकुती पडली. सुदर्शन हातातला घास टाकून धावला आणि त्याने फुंकणी धरली, नाहीतर मी जमिनीवर गेले असते.

"तोंड बंद करा हिचं! सुदर्शनदादा, तोंड बंद करा, श्वास आत राहू दे!" तनया ओरडली. सुदर्शनने मला फुंकणीपासून कात्रीने सोडवले आणि माझ्या तोंडावर गरम काचेचा एक थेंब ठेवला. मी मिटले. उत्तरेश्वरचा अर्धा श्वास माझ्या आत राहिला.

मग मला निवायच्या भट्टीत ठेवले. तिथे काच सावकाश थंड करतात, नाहीतर ती तडकते. मी निवत गेले तसा माझ्या आतला गरम श्वासही निवला आणि आक्रसला. मला आतून ओढ बसू लागली. कोणीतरी आतून माझा हात धरून बसले आहे, अशी ती ओढ होती. ती नंतर कधीच गेली नाही.

बाहेर आल्यावर उत्तरेश्वरने मला उजेडात धरले. त्याचा चेहरा पडला.

"वाकडं हाय. फोडून टाकतो."

"काका, आजवर केलेल्यांत हे सगळ्यांत सुंदर आहे."

"तुमाला सुंदर. मानसं ईचारतील, कुनी केलं हे? उत्तरेश्वरनं. माझ्या नावावर असलं ऱ्हाऊ देऊ नका ताई. हात जोडतो."

 तनयाने हट्ट केला नाही, आणि हे मी तिच्या बाजूने सांगून ठेवते. ती म्हणाली, "मग तुम्हीच ठरवा. पण आज नको. काही दिवस जाऊ देत."

"बरं," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे फळीवर. मी ठरवीन."

तिने स्वतःच्या हातांनी मला वाकड्यांच्या फळीवर ठेवले. तिला वाटले, साऱ्या पुण्यात याहून सुरक्षित जागा नाही. इथे करणाऱ्यावाचून दुसरे कोणी हात लावणार नाही.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आलेल्या द्वारकाला तिने मला दाखवले. "काकू, यात काकांचा श्वास आहे."

द्वारका पदर सावरत वाकली, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मरू दे माय. घरात दिसरात खोकत असत्यात, त्यो श्वास काय कमी हाय का? ह्यो आनिक कुठं ठिवू?" पण जाताना तिने माझ्या सुरकुतीवरून एक बोट फिरवले. किती वर्षांनी माझ्यावरून कोणाचे बोट फिरले होते!

*

उत्तरेश्वर ठरवायला परत आला नाही.

त्याला दवाखान्यात नेले आणि तिथेच तो गेला. माती गावाकडे व्हावी अशी त्याची इच्छा होती, म्हणून गाडी करून त्याला लातूरकडे नेले. द्वारका गेली, शेजारीपाजारी गेले. सुदर्शन जाऊ शकला नाही.

भट्टी, मित्रांनो. भट्टी कोणाला तरी धरावी लागते.

ज्याच्याबरोबर आयुष्यभर एका गोळ्यावर काम केले, त्याला खांदा द्यायला सुदर्शन नव्हता. तो पत्र्याखाली एकटा मुशीत काच ढवळत उभा होता. मी फळीवरून त्याच्याकडे बघत होते.

चार दिवसांनी तनया आली. दोघे भट्टीसमोर बसले. ती फळीपाशी येऊन उभी राहिली. तिच्या शिल्पांच्या प्रदर्शनाची तारीख जवळ आली होती. माझ्यासाठी तिने सदाशिव पेठेतल्या सुताराकडून सागवानी चौरंग करून घेतला होता, बरोबर माझ्या बुडाच्या मापाचा. हे ती सुदर्शनला सांगणार होती. मला ते तिच्या ओठांवर दिसत होते. पण माणूस नुकता गेलेला, आणि आपण त्याच्या वस्तूबद्दल कसे बोलावे, असे तिला वाटले. ती काही बोलली नाही. मला किंचित फिरवून सुरकुती भिंतीकडे केली आणि निघून गेली.

सुदर्शनही काही बोलला नाही. दादाच्या माघारी परक्या माणसाला काय सांगायचे, असे त्याला वाटले.

नेमाचा दुसरा अर्धा भाग आता ऐका. कारागीर गेला, तर फळीवर राहिलेले त्याचे वाकडे काम त्याच्या जोडीदाराने फोडायचे, तेराव्याच्या आत. गेलेल्याच्या नावावर वाकडे राहू द्यायचे नाही, त्याला सरळ करून पाठवायचे. हा भाग कोणी बोलून दाखवत नाही. जिवंत माणसासमोर त्याच्या मरणाची गोष्ट कशाला काढायची? म्हणून उत्तरेश्वरने तनयाला अर्धाच नेम सांगितला होता.

तनया येऊन गेल्यावर एके सकाळी सुदर्शन अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला. त्याने मला फळीवरून दोन्ही हातांनी उतरवले. मला छातीशी धरले. "दादा," तो म्हणाला, "मला तुझ्या मातीला येता आलं न्हाई. येवढं तरी माझ्या हातनं होऊ दे." तो रडत होता. त्याने मला गोणपाटावर ठेवले, हातोडी उचलली, आणि मी

*

आणि मी

*

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की उत्तरेश्वरचा श्वास तेव्हा बाहेर गेला. तसे झाले नाही. आतली हवा निवून आक्रसलेली होती ना? म्हणून मी फुटले तेव्हा बाहेरची हवाच धावत आत आली. एक बारीक आवाज झाला. माणूस पाण्याखालून वर आल्यावर करतो, तसा. आयुष्यात एकदाच, फुटताना, मी श्वास घेतला.

मग मूस. मग लाल. मग कोण कुठे, काही कळेना.

*

आम्ही जुने पेले आहोत. नाही, नवे. मी. आम्ही.

सुदर्शनने त्या मुशीतल्या काचेचे पाणी प्यायचे पेले केले. फार मन लावून केले. सगळे सरळ, एकसारखे. तो माल बाजारात गेला. माझा कुठला भाग कोणाच्या घरी गेला, मला माहीत नाही. मी त्यांतला एक पेला, सुदर्शनने स्वतःसाठी मागे ठेवलेला. जे पुढे घडले, ते मी कारखान्याच्या खिडकीतल्या जागेवरून पाहिले.

तेरावे उरकून द्वारका गावाहून परतली. घरी पिशवी ठेवून ती थेट कारखान्यात आली. योगायोगाने तनयाही आली होती, रिक्षात तो सागवानी चौरंग घालून. दाराशीच दोघींची गाठ पडली. तनया काही बोलायच्या आत द्वारका म्हणाली, "बरं झालं तू बी हाईस. दवाखान्यात मला म्हनले, त्या ताईला सांग, ते वाकडं फोडू नका. ऱ्हाऊ द्या. माझं नाव घाला त्याच्यावर. मी म्हनलं, लई शानपना सुचला आता. तर हसले. हसायला बी दम नव्हता."

असे म्हणत ती आत आली. फळीकडे गेली. फळी रिकामी होती.

ती वळली. "सुदर्शनभावजी, ते कुठं हाय?"

सुदर्शन उभा होता तिथेच खाली बसला.

मी फार गोष्टी फुटताना पाहिल्या आहेत, मित्रांनो. आवाज न होता फुटलेला माणूस त्या दिवशी पाहिला. तो एकेक शब्द शोधून बोलत होता. तेराव्याच्या आत. नेम. दादाचं नाव सरळ राहावं म्हणून. तनयाने चौरंगाची कड घट्ट धरली. "मी त्या दिवशी इथेच होते," ती म्हणाली. "तुमच्या शेजारी बसले होते. नुसतं विचारलं असतं तरी..." 

"मी बी हुतो की ताई," सुदर्शन म्हणाला. "मी बी सांगितलं न्हाई."

द्वारका रडली नाही. ती त्या रिकाम्या फळीला हात लावून उभी राहिली. मग तिने विचारले, "त्या काचेचं काय झालं?"

सुदर्शनने खिडकीतून मला उचलले आणि तिच्या हातात ठेवले. "त्या मुशीतला येवढाच ऱ्हायलाय, वहिनी. त्यात दादाची काच किती आन् दुसरी किती, मला सांगता यायचं न्हाई. आन् श्वास माझा हाय. त्यांचा न्हाई."

तिने मला चौरंगावर ठेवले. मी हलले नाही.

"सरळ हाय," ती म्हणाली. "त्यांना आवडला असता." आणि मग तिला रडू आले.

*

मी एक जुना पेला आहे.

चौरंग द्वारकाच्या खोलीत आहे. तनयाने तो परत नेला नाही. त्यावर पाण्याचा माठ असतो आणि माठावर मी. सुदर्शन रविवारी येतो, माझ्यातून पाणी पितो. तनयाही येते. प्रदर्शन तिने केले, पण माझ्या जागी दुसरे काही ठेवले नाही आणि कोणी विचारले तर सांगितलेही नाही.

रोज सकाळी द्वारका मला हातात घेते. तोंड जवळ आणून माझ्या आत 'हा' करते. माझ्या अंगावर आतून वाफ धरते. मला वाटते, आता धरून ठेवावी. मी सगळे बळ लावते. पण माझे तोंड उघडे आहे. ती पदराने पुसायच्या आतच वाफ कडेकडेने विरत जाते. द्वारका तेवढा वेळ माझ्याकडे बघत राहते. मग पुसते.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात, वर्गात, कुठल्या तरी फळीवर एखादी वाकडी वस्तू असेल. ती टाकण्याआधी, आणि ती जपण्याआधीसुद्धा, जवळच्या माणसाला विचारा. वेळ बरी नाही, कसे विचारावे, असे वाटले तरी विचारा. आणि जिच्यात कोणाचा तरी श्वास आहे, ती वस्तू सरळ करायला जाऊ नका.

सरळ पेले पुष्कळ आहेत. मीही एक आहे. आता पाणी प्या, आणि मला जपून खाली ठेवा.